फागुनातल्या वाटा

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. सुटीच्या दिवशी मित्रांसोबत सह्याद्रीतले किल्ले चढतो. मागच्या वर्षी महाशिवरात्रीच्या आधी त्याचा फोन आला. "मामा, मार्चमध्ये आम्ही सहा जण येतोय. वसंतात तुमच्याकडचं जंगल बघण्यासारखं असतं म्हणे. पायी फिरायला कुठं कुठं जाता येईल, ते ठरवून ठेव ना."

"ये, पाहू," म्हटलं आणि फोन ठेवला. माय छपरीत बसून सुपात लाखोरीची डाळ निवडत होती.

"कोनाचा होता गा फोन?"

"पुन्याचा. मार्चमंदी येतो म्हनते, दोस्त घेऊन. जंगलात पायी फिराले."

"मोह येचाले?"

"नाई. असाच."

"असाच?" मायनं सूप खाली ठेवलं. "असाच कोनी जंगलात जाते का बाप्पा!"

तिचं म्हणणं खरंच होतं. सावलीच्या आसपास माझं सगळं आयुष्य गेलं, पण वसंतात नुसतं फिरायला म्हणून रानात गेलेला माणूस मी पाहिला नाही. आणि गंमत अशी की वर्षाच्या दुसऱ्या कुठल्याही दिवसांत आमची माणसं एवढी चालत नव्हती, जेवढी ह्या दिवसांत चालत. धान निघालेलं असे, हाताला काम नसे, नाले आटलेले असत आणि ऊन अजून भाजत नसे. मग मी एक कागद घेतला आणि भाच्यासाठी ह्या दिवसांतल्या वाटा लिहू लागलो. लिहिता लिहिता ध्यानात आलं, की प्रत्येक वाट कुणीतरी कशासाठी तरी पाडलेली आहे आणि त्यातल्या काहींवर आता कुणीच चालत नाही.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. आमच्याकडे वैशाखात घराबाहेर पडायची सोय नसते. शेजारच्या ब्रह्मपुरीचं तापमान पेपरात पहिल्या पानावर येतं, ते त्याच दिवसांत. आमचा वसंत म्हणजे महाशिवरात्र ते गुढीपाडवा, मध्ये फागुन आणि होळी. तोही पहाटे पाच ते सकाळी नऊ. त्यानंतर सावली शोधायची.

आणि इथं चढायला डोंगर नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व कडेला आमचा तालुका. पश्चिमेला मूल, पूर्वेला वैनगंगा, नदीपलीकडे गडचिरोली. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्याआधी दोन्ही काठ एकाच चांदा जिल्ह्यात होते आणि नदी ओलांडणं म्हणजे शेजारच्या गावी जाणं होतं. जमीन सपाट. धानाच्या बांध्या, बांध्यांच्या वर तळं, तळ्याच्या वर जंगल, असा गावोगावचा बेत.

कागदावर पहिली लिहिली ती मोहाची वाट. फागुनात पळस फुलतो, त्याला आम्ही परसा म्हणतो. परशाला पान राहत नाही, नुसती केशरी फुलं. काटेसावर लाल होते, कुसुमाला तांबडी पालवी फुटते. पण आमच्या लोकांचं लक्ष वर नसतं, खाली असतं. मोह रात्री गळायला लागतो आणि ऊन चढेपर्यंत टपटपत राहतो. फुलं पिवळट, रसाळ, बोटांना चिकटणारी. त्यांचा वास सगळ्या रानात भरतो. माय, आजी, आजूबाजूच्या बाया चांदणं असतानाच टोपले घेऊन निघत. मी सहा-सात वर्षांचा असेन, मागे मागे पळत जायचो. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. सरकारच्या कागदावर जंगल सरकारचं, पण अमुक नाल्यावरचा मोह अमुक घराचा, हे सगळ्या गावाला पाठ. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नसे. वेचलेला मोह अंगणात सारवलेल्या जागेवर वाळत पडे. चार-पाच दिवसांत तो तांबूस होई, मनुक्यासारखा. त्यातला थोडा घरी खायला, बाकीचा बाजारात. पावसाळ्यातलं मीठमिरची, शाळेची पाटी, लुगडं, ह्यातलं बरंचसं त्या टोपल्यातून येई. पुढे उन्हाळ्यात त्याच झाडाच्या टोऱ्या पडत, त्यांचं तेल निघे.

ह्या वाटेचा इतिहास मात्र तंट्याचा आहे. 1854 साली इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं, त्यात चांदाही गेलं. 1878 च्या कायद्यानं जंगल राखीव होऊ लागलं आणि जे लोकांच्या वहिवाटीत होतं, ते सवलत म्हणून लिहिलं गेलं. त्या सवलतीचं नाव निस्तार. सरपण, बांबू, गवत, मोह, सगळं निस्तारात. हा शब्द आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी इतका होता, की तो कचेरीतला आहे हे मला मोठेपणी कळलं. गावचं काही जंगल मालगुजाराचं होतं. 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि तेही सरकारजमा झालं. मोहाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करायची जुनी रीत होती. ती आग कधी रानात पसरे, म्हणून वनखात्याचा आणि बायांचा दरवर्षी खटका उडे. आग पसरायची हे खरं आणि पाचोळ्यात फूल दिसत नाही हेही खरं. आता बरेच जण पाचोळा झाडून घेतात, खाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरतात. 2006 च्या वनहक्क कायद्यानं मोहासारख्या गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. नदीपलीकडे धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं 2009 मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याचं नाव घेतात. म्हणजे माझी आजी ज्या वाटेनं चोरासारखी जायची, त्या वाटेनं माझी माय हक्कानं जाऊ शकत होती. शकत होती म्हटलं, त्याचं कारण पुढे सांगतो.

दुसरी लिहिली ती तळ्याची पाळ. सकाळी चालायला ह्याहून सोपी आणि गार वाट नाही. आमच्या भागातली जुनी तळी कोहळी लोकांच्या हातची. उतार नुसत्या डोळ्यांनी पाहून पाळ कुठं घालायची, हे त्यांना कळे. जंगल तोडून तळं बांधील त्याला जमीन, असं धोरण चांद्याच्या गोंड राजांनी ठेवलं होतं, असं म्हातारे सांगत. पुढे ही तळी मालगुजारांकडे आली आणि मालगुजारी गेल्यावर त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव. लोक तेवढं लांब म्हणत नाहीत, मामा तलाव म्हणतात. शाळेत असताना मला वाटायचं, हे तळं कुणाच्यातरी मामानं बांधलं.

मोठं पाणी पाहायचं असेल तर पाथरीकडचा आसोला मेंढा. तो इंग्रजी अमदानीतला, शंभर वर्षांवरचा. 1896-97 आणि 1899-1900 असे लागोपाठ दोन दुष्काळ मध्य प्रांतावर आले. त्यानंतर सिंचनाचा विचार करायला आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल 1903 चा. मग सरकारनं धानाच्या मुलखात मोठी तळी बांधायला घेतली. नागभीडकडची घोडाझरी आणि आमचा आसोला मेंढा ही त्या काळची लेकरं. आता गोसीखुर्द धरणाचा उजवा कालवा इथवर येतो. फागुनात पाणी खाली गेलेलं असतं, काठाच्या ओलीत बगळे आणि बदकं दिसतात. पाळीवर उभं राहिलं की एका बाजूला पाणी नि जंगल, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या. हा मुलूख कशावर जगला ते तिथून नीट दिसतं.

तिसरी वाट सावलीतच आहे, चार पावलांची. पण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. 1936 मध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन सावलीला भरलं होतं. फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झालं, मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपलं. होळी दोन दिवसांवर होती, म्हणजे मोह गळायचेच दिवस. रेल्वे मूलपर्यंत. एवढ्या आडगावी बैठक कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. कारण खादी. सावलीला चरखा संघाचं केंद्र होतं. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया सूत कातून आणत, विणकर खादी विणत. कातणारणीला पोट भरेल एवढी मजुरी मिळाली पाहिजे, असा ठराव चरखा संघानं नुकताच, 1935 मध्ये, वर्ध्याला केला होता. गांधीजी तेव्हा दुखण्यातून उठलेले होते, तरी आले. गांधीवाद नावाचं काही नाही आणि मला माझ्यामागे पंथ ठेवायचा नाही, असं त्यांनी सांगितलं ते इथल्याच भाषणात. हे वाक्य जगभर गेलं, पण ते कुठं बोललं गेलं हे आमच्या शाळेतल्या मुलांना ठाऊक नसतं. दोनच महिन्यांनी, 30 एप्रिलला, ते वर्ध्याहून पायी शेगावला राहायला गेले. त्याचंच पुढे सेवाग्राम झालं.

माझी आजी त्या बैठकीच्या वेळी लहान होती. गांधी पाहिल्याचं ती सांगे, पण भाषणाचं काही सांगत नसे. "तवा लय मानसं पायी पायी आली होती," एवढंच. सूत घेऊन सावलीला जाणाऱ्या बायांची वाट आणि मोहाची वाट काही अंतर एकच होती. अर्ध्या वाटेवर एक फाटा फुटे, एक रानात जाई आणि एक गावात. आता सावलीकडचा फाटा डांबरी झाला. दुसरा शोधावा लागतो.

चौथी वाट मार्कंड्याची. ही सगळ्यांत लांब. वैनगंगेच्या पलीकडच्या काठावर, चामोर्शी तालुक्यात, मार्कंडा देवाचं ठिकाण. दक्षिणेकडे वाहणारी नदी इथं वळण घेऊन काही अंतर उत्तरेला वाहते, म्हणून ते पुण्यक्षेत्र. काळवंडलेल्या दगडांची जुनी देवळं, भिंतींवर माणसं, हत्ती, देव-देवतांच्या रांगाच रांगा. पुरातत्त्व खात्याचे कनिंगहॅम साहेब एकोणिसाव्या शतकात ती पाहून गेले आणि अहवालात त्यांचं तपशिलानं वर्णन केलं. मोठ्या देवळाच्या शिखरावर पूर्वी वीज पडली होती, त्याची पडझड दिसते. महाशिवरात्रीला तिथं जत्रा भरते. आमच्या लहानपणी भल्या पहाटे निघालं की दिवस कलायच्या बेताला नदी लागे. बायांच्या डोक्यावर शिदोरी, पोरं खांद्यावर. लाखोरी आणि जवस काढायला आलेले असत, त्यांच्या मधून धुऱ्याधुऱ्यानं रांग चाले. नदीत कुठं घोट्याएवढं पाणी, कुठं मांडीएवढं. खोल जागी ढीवरांचे डोंगे. रेतीत टरबुजाच्या वाड्या. परतताना बाप एक टरबूज घेई आणि ते आळीपाळीनं वागवावं लागे. नदीवर चिचडोहचा बंधारा झाल्यापासून पाणी थोपतं, पूर्वीच्या पायउताराचा भरवसा राहिला नाही. लोक गाड्यांनी पुलावरून जातात. मी भाच्यासाठी लिहिलं: अलीकडच्या काठापर्यंत पायी जा, नदी पाहा, मग परतून पुलावरून गाडीनं मार्कंड्याला जा. बिनमाहितीचा नदीत उतरू नको.

पाचवी वाट रात्रीची. झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत नाटकं चालतात. शंकरपट असो, मंडई असो, रात्री नाटक हवंच. दहाला पडदा वर गेला तर पहाटे खाली येई. चार-चार कोसांवरून माणसं घोंगडी घेऊन येत. परत जाताना अख्खी वाट नाटकातल्या भांडणावर बोलत जाई आणि आमच्या घरच्या बाया नाटकाहून परस्पर मोहाला जात. अशा एका पहाटे आजीनं आम्हाला थांबवलं होतं, कारण मोहाखाली अस्वल होतं. ते खात होतं, आम्ही वाट पाहिली, ते गेलं, मग आम्ही वेचलं. तेव्हा आमच्या भीतीचं नाव अस्वल होतं.

आता ते नाव बदललं आहे. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 1995 मध्ये व्याघ्र प्रकल्प. वाघ वाढले, ही चांगलीच गोष्ट. आज चंद्रपूर जिल्ह्यात दोनशेच्या वर वाघ आहेत आणि त्यातले कितीतरी प्रकल्पाच्या बाहेर, आमच्यासारख्या गावांच्या जंगलात राहतात. वाघाला हद्दीचा नकाशा कळत नाही. मोहाच्या नि तेंदूपानाच्या दिवसांत माणूस पहाटे, वाकून, मुकाट्यानं रानात असतो. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं जाणकार सांगतात.

चार वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतली एक काकी मोहाला गेली होती. माय तिच्यापासून हाकेच्या अंतरावर होती. त्या दिवसाबद्दल माय एकदाच बोलली. "मी तिले आवाज देल्ला. तिनं ओ देल्ली नाई. मले वाटलं, आयकू नसन गेलं." पुढचं ती सांगत नाही, मीही विचारत नाही. नुकसानभरपाई आली, चौकशी झाली, गावात पाहारा बसला. मायनं रानातला मोह सोडला. नाल्यावरची आमची तीन झाडं तेव्हापासून तशीच गळतात. दोन पावसाळे गेल्यावर मी दिवसाउजेडी, चार जणांसोबत तिकडे गेलो, तर वाट नव्हती. झुडपं माजली होती. शंभर वर्षं बायांच्या पायांनी मोकळी ठेवलेली जागा दोन वर्षांत बुजली. हक्काचा कागद आला आणि पाय थांबले.

कागदावर पहिली लिहिलेली वाट मी खोडली. भाच्याला कारणही लिहिलं.

होळीनंतर ते सहा जण आले. बूट, पाठीवर पिशव्या, गळ्यात कॅमेरे. पोरं गुणी होती. पहिल्या पहाटे त्यांना रानात नेलं नाही. तळ्याच्या पाळीनं उजाडता उजाडता आमच्या बांधीवर गेलो. तिथं धुऱ्यावर आमचा एक मोह आहे, वस्तीच्या नजरेतला. हल्ली माय तेवढाच वेचते. ती आमच्या आधी पोचली होती, झाडाखाली बसून हात चालवत होती. एक पोरगा फोटो घ्यायला पुढे गेला, तशी ती ओरडली, "पोरा, पाय उचल! खाली मोह हाय."

तो एका पायावर उभाच राहिला. त्यानं खाली पाहिलं, मग कॅमेरा पिशवीत टाकला आणि उकिडवा बसला. एकेक करून सगळे बसले. सातजणांनी साडेआठपर्यंत वेचलं तेव्हा एक टोपला भरून थोडा उरला. भाच्यानं विचारलं, "आजी, वाळल्यावर एवढाच राहतो?"

"अर्धा बी रायत नाई."

तो काही बोलला नाही. घरी येताना टोपला त्यानं डोक्यावर घेतला, मान अवघडली तरी खाली ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी मार्कंडा, तिसऱ्या दिवशी आसोला मेंढा झाला. सावलीत फिरताना मी त्यांना 1936 ची गोष्ट सांगितली. पण रात्री जेवताना ते बोलत होते ते मोहाचंच. एकानं विचारलं, नाल्यावरची वाट पुन्हा मोकळी करता येणार नाही का. मी म्हटलं, एकट्यादुकट्याचं काम नाही. दहा-वीस जणांनी मिळून, उजाडल्यावर, आवाज करत जायचं, वनखात्याला आणि गावच्या प्रतिसाद दलाला सांगून जायचं, असं ठरलं तर होईल. गावात ते बोलणं चालू आहे. काही बाया तयार आहेत. माय अजून हो म्हणाली नाही.

तो कागद भाचा घेऊन गेला. कुणी येणार असेल तर त्यावर एवढं आहे: शिवरात्र ते पाडवा या, ओळखीचं माणूस सोबत घ्या, नऊच्या आत परत फिरा, नाल्यापलीकडे गावकरी जात नसतील तर तुम्हीही जाऊ नका, मोहाखाली पाय टाकण्याआधी झाड कुणाचं आहे ते विचारा.

यंदा माघातच त्याचा फोन आला. "मामा, मोह पडायला लागला का?" मी मायकडे पाहिलं. ती छपरीत नवीन टोपल्याचा काठ तपासत होती.

"आंदा लवकर पडन म्हना," ती म्हणाली. "आन् येतानी जुने कपडे आनजो म्हना त्याईले. मोहाचा डाग निंगत नाई."